लाकडी पट्ट्यांचा महाल

"या वर्षी स्मरणिकेसाठी तुमच्याकडून काहीतरी हवेच," असे चिटणीसबाईंनी बजावले, तेव्हा एखादी पाककृती देऊन सुटावे असे मी मनाशी ठरवले होते. पण गेले काही महिने एक विषय डोक्यात घोळतो आहे, आणि त्याचा आपल्या मंडळाशी जवळचा संबंध आहे. तेव्हा पाककृती पुढच्या वर्षी.

आपल्या मंडळाच्या मागील अंगणात जो लाकडी मांडव आहे, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. सागाचे सहा खांब, वर आडव्या वाशांवर ठोकलेली जाफरी आणि तिच्यावर चढलेला जुईचा वेल. संस्थापक भगिनींच्या वेळी तो उभारला गेला. आपले पहिले शिवणवर्ग तिथेच भरले, हळदीकुंकवे तिथेच झाली, आणि आपल्या विक्री केंद्राचे पापड तिथल्या विरळ सावलीत अंगभर न करपता वाळतात, हे तर पापड लाटणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. 2024 च्या दिवाळीनंतर झालेल्या सर्वसाधारण सभेत हा मांडव काढून तेथे लोखंडी चौकटीवर पत्र्याची शेड घालावी, असा ठराव आला. जाफरीला वाळवी लागली आहे, पावसात खाली बसता येत नाही, दर तीन वर्षांनी खर्च येतो, ही कारणे खरीच होती. हात वर करणाऱ्यांत मी होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढील मजकूर वाचून मी आधीपासून मांडवाच्या बाजूची होते असा कोणाचा समज व्हायला नको.

त्यानंतर जानेवारीत मी लेकीकडे गेले. ती अमेरिकेत सॅन दिएगोला असते. कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, पॅसिफिक महासागराच्या काठी हे शहर वसले आहे. तेथे बाल्बोआ पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्यातली एक इमारत तीन वर्षे दुरुस्तीसाठी बंद होती, ती 2024 च्या डिसेंबरात नुकतीच उघडली होती. "आई, तुला झाडे आवडतात ना, मग चल," म्हणून लेक घेऊन गेली. मला वाटले, काचेचे एखादे उबदार घर असेल. आपल्या राणीच्या बागेत किंवा बंगळूरच्या लालबागेत आपण पाहतो तसे.

तलावाच्या या टोकाशी उभे राहून समोर पाहिले, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अगं, ही तर जाफरी!"

खरोखरच ती जाफरी होती. पण केवढी! लांबी 250 फूट, रुंदी 75 फूट आणि मधल्या घुमटाची उंची 60 फूट, म्हणजे जवळजवळ पाच मजली इमारतीएवढी. मध्यभागी मोठा घुमट, त्यावर छोटी छत्री, आणि दोन्ही बाजूंना छकड्याच्या टपासारखी अर्धगोल लांबलचक छते. हे सगळे बोटभर अंतरे सोडून ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांनी मढवलेले. काच कोठेही नाही. समोर पांढऱ्या गिलाव्याच्या कमानी, आणि त्यांच्यापुढे 193 फूट लांब व 43 फूट रुंद असा कमळांचा तलाव. त्या पाण्यात अख्खा घुमट उलटा दिसतो. या इमारतीचे नाव आहे बोटॅनिकल बिल्डिंग. पण तिची कल्पना ज्याने मांडली, त्याने तिला लाकडी पट्ट्यांचा महाल म्हटले होते, आणि तेच नाव मला अधिक आवडले.

आत शिरले तर अंगावर आणि जमिनीवर ऊनसावलीचे पट्टे. आपल्या मांडवाखाली पडतात तसेच. लेकीने माझा फोटो काढला, त्यात मी इरकली नेसल्यासारखी दिसते. नेसले होते ते साधे पांढरे पातळ. नेचे, ताड, सायकस, ऑर्किड आणि आपल्याकडे विहिरीच्या कपारीत उगवतो तो हंसराजही तेथे होता. बाहेर कोरडी हवा आणि डोळे दिपवणारे ऊन, तर आत ओल्या मातीचा वास. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट डॉलरचा हिशेब रुपयांत करणाऱ्या माझ्यासारखीला विशेष भावली.

घरी आल्यावर मी या इमारतीविषयी मिळेल ते वाचून काढले. लेकीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली, जावयांनी जुनी छायाचित्रे शोधून दिली. त्यातून जो इतिहास कळला तो सांगते.

सॅन दिएगो हे 1910 साली सुमारे 40 हजार वस्तीचे लहानसे गाव होते. पनामाचा कालवा 1914 साली खुला होणार होता, आणि कालव्यातून बाहेर पडून उत्तरेकडे येणाऱ्या जहाजांना अमेरिकेचे पहिले बंदर लागणार होते ते हेच. तेव्हा कालव्याच्या निमित्ताने एक मोठे प्रदर्शन भरवावे, म्हणजे गावाचे नाव होईल, असे तेथील व्यापारी मंडळींनी मनावर घेतले. इकडे सॅन फ्रान्सिस्कोसारख्या बलाढ्य शहरानेही त्याच वर्षी प्रदर्शन भरवण्याचा घाट घातला. पण हे गाव मागे हटले नाही. 1 जानेवारी 1915 रोजी त्यांचे प्रदर्शन उघडले आणि दोन वर्षे चालले. त्यासाठी गावाबाहेरच्या जुन्या सार्वजनिक माळाची निवड झाली. 1868 सालीच नगरवासीयांनी सुमारे 1,400 एकर जमीन उद्यानासाठी राखून ठेवली होती. 1910 साली तिला बाल्बोआ हे नाव दिले गेले. 1513 साली पनामाच्या भूमीवरून पॅसिफिक महासागर पाहणारा जो स्पॅनिश प्रवासी, त्याचे हे नाव.

आता येथे एका बाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला शक्य नाही. राखून ठेवलेली ही जमीन अनेक वर्षे निव्वळ उजाड होती. झुडपे, दगड आणि ससे. केट सेशन्स नावाच्या बाई 1857 साली जन्मल्या, 1881 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून विज्ञानाच्या पदवीधर झाल्या, आणि शिक्षिका म्हणून सॅन दिएगोत आल्या. (आपल्याकडे आनंदीबाई जोशी शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या ते साल 1883, बाई सॅन दिएगोत आल्या तेही त्याच साली.) शिकवणे सोडून त्यांनी रोपवाटिका काढली. 1892 साली त्यांनी नगरपालिकेशी एक करार केला. उद्यानातील सुमारे 30 एकर जमीन रोपवाटिकेसाठी वापरायला घ्यायची, आणि त्या बदल्यात दर वर्षी उद्यानात 100 झाडे लावायची व गावात इतरत्र लावण्यासाठी आणखी 300 झाडे द्यायची. भाडे पैशात द्यायचे नाही, झाडांत द्यायचे! असा व्यवहार बाईमाणसालाच सुचावा, असे मी म्हटले, तर जावई हसले. पण त्या माळावर पुढे जे रान उभे राहिले त्याची सुरुवात या करारात आहे. आपल्याकडे पुण्याच्या रस्त्यांवर दिसतो तो जांभळा जॅकरंडा, म्हणजे नीलमोहर, सॅन दिएगोत घरोघरी पोहोचवला तो याच बाईंनी. 1939 साली त्यांना वनस्पतींच्या कार्यासाठी मेयर पदक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. उद्यानाच्या दाराशी त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. तो 1998 साली उभारला. पुतळ्याच्या पायात चांगले दणकट बूट आहेत, हे मी आवर्जून पाहिले.

1907 साली गावात पुष्पप्रेमींची एक संस्था निघाली. केटबाई तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि दुसरे अल्फ्रेड रॉबिन्सन. या गृहस्थांना बिगोनियाचे वेड होते. बिगोनिया हे नाजूक झाड. पाने रंगीत, फुले देखणी. पण कडक ऊन लागले की पाने करपतात, आणि अगदी अंधारात ठेवले तर फुलत नाही. रॉबिन्सनांनी आपल्या बागेत लाकडी पट्ट्यांचे घर करून त्यात बिगोनिया वाढवले. असली छोटी पट्टीघरे त्या भागात अनेकांकडे होती. प्रदर्शनाची बोलणी सुरू झाली तेव्हा, 1911 च्या सुमारास, त्यांनी सुचवले की पट्ट्यांचे एक मोठे, महालासारखे घर येथे व्हावे.

काचेचे का नको, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर हवेत आहे. काचघर जन्मले ते युरोपच्या थंडीत. बाहेर बर्फ आणि आत उष्ण देशातली झाडे, अशी त्याची योजना. सॅन दिएगोत थंडी अशी नाहीच. पाऊस वर्षाला सरासरी दहा इंच, तोही हिवाळ्यात. आणि कधीकधी वाळवंटाकडून असा कोरडा वारा सुटतो की पाने कागदासारखी वाजू लागतात. तेथे काच घातली तर आतली झाडे शिजून निघतील. गरज ऊब देण्याची नव्हती. ऊन निम्मे करण्याची, वारा मंद करण्याची आणि ओल धरून ठेवण्याची होती. पट्टी आणि फट यांची रुंदी सारखी ठेवली की ऊन अदमासे निम्मे होते. शिवाय अशा घराच्या पट्ट्या जाणते माळी दक्षिणोत्तर ठोकतात. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो तसतसे सावलीचे पट्टे जमिनीवर सरकत जातात. कोणत्याही पानावर ऊन फार वेळ ठरत नाही. पूर्वपश्चिम ठोकल्या तर तोच पट्टा त्याच पानावर बराच वेळ राहतो आणि पान भाजते. आपला मांडव घालणाऱ्या सुताराला हे कोणी शिकवले होते कोण जाणे, पण परत आल्यावर मी होकायंत्र लावून पाहिले. आपली जाफरी दक्षिणोत्तर आहे.

या महालाचे आराखडे कार्लटन विन्स्लो यांनी केले. प्रदर्शनाचे मुख्य वास्तुशिल्पी न्यूयॉर्कचे बर्ट्रम गुडह्यू. विन्स्लो त्यांचे सहायक. बांधकामावर देखरेख फ्रँक अ‍ॅलन यांची. प्रदर्शनाच्या बाकीच्या इमारती स्पेन आणि मेक्सिकोच्या धर्तीवर नक्षीने लगडलेल्या आहेत. दारांवर, मनोऱ्यांवर इतके कोरीव काम की नजर ठरत नाही. त्यांच्या मध्ये हा महाल मात्र अगदी साधा. नक्षी म्हणावी तर पट्ट्यांतून येणारा उजेड, तेवढीच.

आता एक कबुली द्यायला हवी. महाल लाकडाचा असे मी म्हणते, पण त्याचा सांगाडा पोलादाचा आहे. एवढा घुमट नुसत्या लाकडावर पेलवला नसता. पोलादाच्या कमानदार फासळ्या उभ्या केल्या आणि त्यांवर रेडवूडच्या पट्ट्यांची कातडी चढवली, असे म्हणता येईल. या पट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर मैलोगणती लांबी भरेल. सांगाडा पाहून तेथे एक आख्यायिका रुजली. हा म्हणे मुळात आगगाडीच्या स्टेशनासाठी केलेला सांगाडा, रेल्वे कंपनीला नको झाला म्हणून बागेत आणून बसवला. लेकीच्या शेजारणीने मला हीच कथा मोठ्या हौसेने सांगितली. कथा रंगतदार आहे, पण उद्यानाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी ती खोडून काढली आहे. इमारत पहिल्यापासून झाडांसाठीच होती. जुन्या वास्तूला एखादी भाकडकथा चिकटल्याशिवाय लोकांचे समाधान होत नाही, हे येथून तेथून सारखेच. आपल्या गावातल्या प्रत्येक वाड्याखाली भुयार असतेच की नाही?

रेडवूड हे कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे झाड, जगातल्या सर्वांत उंच वृक्षांपैकी. त्याच्या गाभ्याचे लाकूड तांबूस, वजनाला हलके, आणि त्यातल्या तुरट द्रव्यामुळे किडीला व कुजण्याला बरेच दाद न देणारे. आपल्याकडे सागाचा जो मान, तो तेथे बाहेरच्या कामाला रेडवूडचा. पण "बरेच" हा शब्द महत्त्वाचा आहे. रात्रंदिवस आतून झाडांची ओल आणि बाहेरून ऊन खाणारे लाकूड किती दिवस टिकणार? पट्ट्या कुजतात, खिळे गंजतात, आणि पोलादही सर्द हवेने खाल्ले जाते.

प्रदर्शनातल्या बहुतेक इमारती गिलाव्याच्या आणि लाकडी चौकटीच्या, दोन वर्षांपुरत्याच उभारलेल्या होत्या. प्रदर्शन संपले की पाडून टाका, असे खुद्द गुडह्यू यांचे मत होते. जी थोडी बांधकामे राहण्यासाठी म्हणून झाली, त्यांत हा महाल होता. लोकांना मात्र त्या तात्पुरत्या इमारतींचाही लळा लागला. 1933 साली त्या मोडकळीस आल्या म्हणून पाडायची वेळ आली, तेव्हा गर्ट्रूड गिल्बर्ट नावाच्या संगीतप्रेमी बाई पुढे झाल्या. त्यांनी गावाला उठवले, पैसा जमवला, आणि मंदीच्या त्या दिवसांत त्या इमारतींची डागडुजी झाली. म्हणूनच 1935 साली तेथे दुसरे प्रदर्शन भरू शकले. पुढे 1967 साली बी एव्हन्सन या बाईंनी शंभर जणांची समिती स्थापली. पडायला आलेल्या इमारती जुन्या रूपात पुन्हा बांधाव्यात यासाठी ती झटली. तेथल्या एका कारंजाला त्यांचे नाव आहे. केटबाई, गर्ट्रूडबाई, बीबाई. हा इतिहास वाचताना मला वारंवार आपल्या कार्यकारिणीची बैठक डोळ्यांपुढे येत होती.

दुसऱ्या महायुद्धात उद्यानाचा मोठा भाग नौदलाने घेतला. इमारतींतून खाटा मांडल्या, आणि महालापुढच्या कमळाच्या तलावात जखमी खलाशांना पोहण्याचे व्यायाम देत. ज्या पाण्यात मी घुमटाची सावली पाहिली, त्या पाण्यात कोणी लंगडता तरुण पुन्हा पाय मारायला शिकला असेल.

युद्ध संपले, आणि आता मी मला सर्वांत लागलेल्या भागाकडे येते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस महालाची मोठी दुरुस्ती झाली. झाली हे चांगलेच झाले. पण त्या वेळी दर्शनी बाजूच्या मूळ कमानींच्या ओळी आणि खिडक्या काढून टाकण्यात आल्या. त्या काळच्या मंडळींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे कुजलेले लाकूड होते, हाती बेताचा पैसा होता, आणि साधे, सुटसुटीत ते चांगले, असे मानण्याचे ते दिवस होते. इमारत वाचली, हेच त्यांनी पाहिले असेल. पुढची साठ-पासष्ट वर्षे लोकांनी तो महाल तसाच पाहिला, आणि काही उणे आहे हे फोटो जुळवून पाहणाऱ्यांनाच ठाऊक होते.

2022 च्या जानेवारीत महाल बंद केला. झाडे हलवली. एकूण एक पट्टी उतरवली. पोलादाचा सांगाडा उघडा करून गंजलेले भाग दुरुस्त केले. मग नव्या रेडवूडच्या पट्ट्या चढवल्या आणि 1915 ची छायाचित्रे, नकाशे समोर ठेवून गेलेल्या कमानी पुन्हा बांधल्या. एकदा काढून टाकलेली गोष्ट परत आणायला जी माणसे, जो पैसा आणि जी वर्षे लागली, त्याच्या मानाने ती जागच्या जागी सांभाळणे नक्कीच स्वस्त पडले असते.

मी लेकीला विचारले, "सगळ्या पट्ट्या नव्या, मग हा महाल जुना कसा?" ती म्हणाली, "आजीची गोधडी आठवते ना?" माझ्या सासूबाईंची गोधडी. तिचे वरचे पदर तीनदा बदलले, आतली लुगडी विरली तशी दुसरी घातली. पण घरात तिला अजून आजीची गोधडीच म्हणतात. थंडी वाजली की नातू तीच ओढतो. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मार्चमध्ये परत आले तर आपला मांडव उभाच होता. पत्र्याच्या शेडचा दर ठरला नव्हता, म्हणून काम थांबले होते. त्यात माझे किंवा कोणाचे कर्तृत्व नाही. मी आपल्या ओळखीच्या सुतारमिस्त्रींना घेऊन गेले. त्यांनी टोच्याने खांब तपासले. सहांपैकी चार खांब ठणठणीत आहेत. विहिरीकडचे दोन जमिनीलगत वीतभर कुजले आहेत. तेवढाच भाग कापून खाली दगडी बैठक देता येईल, असे ते म्हणतात. आडवे वासे चांगले आहेत. जाफरी मात्र सगळी बदलावी लागेल. वाळवी तिलाच लागली आहे. पावसाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी निम्म्या भागावर पावसाळ्यापुरते सोडवता येणारे आच्छादन घालावे, निम्मा भाग पापडांसाठी आणि जुईसाठी तसाच ठेवावा, असे त्यांनी सुचवले. त्यांनी लिहून दिलेला खर्चाचा अंदाज मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. शेडच्या खर्चापेक्षा तो फार कमी नाही, हेही सांगून टाकते. ज्या भगिनींना कोरड्या, पक्क्या छपराखाली वर्ग घ्यायचे आहेत, त्यांचे म्हणणे मला आजही पटते. शिवणाची यंत्रे पावसात भिजवून कोणाचे भले होणार नाही.

ठराव पुन्हा सभेपुढे यावा, असे पत्र मी आठ सभासदांच्या सह्यांनी दिले आहे. वर्धापनदिनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मिस्त्री मोजमापासाठी मांडवात येणार आहेत. ज्यांना मांडव हवा त्यांनी यावे, आणि ज्यांना नको त्यांनी तर अवश्य यावे. टोचा खांबात कोठवर जातो, हे आपापल्या हाताने पाहता येईल. जुई उतरवायची झाली तर ती पावसाळ्याच्या तोंडाशी छाटावी लागेल, म्हणून कात्री आणि जुनी चादर मी घेऊन येईन.